शाळेतला ‘ळ’

जबलपूरच्या एखाद्या मराठी घरात संध्याकाळी डोकावलं, तर असं चित्र सहज दिसेल. दुसरीतली नात वही उघडून बसली आहे. आजीने सांगितलं म्हणून ती नागपूरच्या मावशीला चार ओळी लिहिते आहे. जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत तिने लिहिलं आहे : ‘मी शालेत गेली. मॅडमनी फल्यावर चित्र काढले. आम्ही खेल खेललो. मी केल खाल्ल.’

आजी चष्मा सावरून वाचते आणि खुदकन हसते. मग जरा गप्प होते. अक्षर सुरेख आहे. काना-मात्रा बहुतेक जागच्या जागी आहेत. पुण्याच्या एखाद्या बाईंनी ‘मी गेली’खाली लाल रेघ ओढली असती, पण नागपूरकडच्या आजीला त्यात काही वावगं वाटत नाही. तिला खटकतं ते वेगळंच. शाळा, फळा, खेळ, केळं या चारही शब्दांतून एकच अक्षर गायब आहे. ‘ळ’!

‘अगं, शाळेतला ळ कुठे गेला?’ आजी विचारते.

‘आमच्या शाळेत ते अक्षर नाहीये,’ नात उत्तर देते. गंमत अशी, की हे उत्तर देतानाही ती ‘शाळा’ हा शब्द अगदी स्वच्छ उच्चारते. जिभेवर ळ आहे, पेन्सिलीच्या टोकावर नाही.

यात दोष मुलीचा नाही आणि मॅडमचाही नाही. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाहीच. मराठी मुलं ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ म्हणून मुळाक्षरांची गाडी स्टेशनात आणतात. हिंदी मुलांच्या गाडीला तो डबाच नसतो. शिवाय मध्य प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘शासकीय प्राथमिक शाला’. मुलगी रोज सकाळी तीच पाटी वाचत आत जाते. मग वहीत दुसरं काय उमटणार?

तोफगाड्यांपासून हायकोर्टापर्यंत

नर्मदाकाठच्या या शहरात मराठी माणूस काल-परवा आलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढे १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून रेल्वे जबलपूरला येऊन मिळाली. १९०४ मध्ये तोफगाडे बनवणारा ‘गन कॅरेज फॅक्टरी’ हा मोठा कारखाना उभा राहिला. रेल्वे, कारखाने, कचेऱ्या आणि शाळा यांच्यामागोमाग मराठी कारकून, मास्तर, वकील, कारागीर येत राहिले.

त्या काळी नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड असं त्याचं नाव आणि नागपूर ही राजधानी. प्रांतात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषा नांदत होत्या. नागपूरहून जबलपूरला बदली झाली, तर माणूस गाव बदलायचा, राज्य नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला हे सगळं बदललं. राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. त्याच दिवशी नागपूरच्या उच्च न्यायालयाचं रूपांतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयात झालं आणि त्याचं आसन जबलपूरला आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनीच नव्या न्यायालयाचीही धुरा सांभाळली. न्यायालयाबरोबर नागपूरची काही कुटुंबंही आपला संसार उचलून जबलपूरला आली.

त्यांच्या मुलांना नव्या गावात नव्या शब्दांची ठेच लागली असणार. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. इकडे कोर्टात ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ असं ऐकू येतं, तेव्हा दोन्ही पक्षांची तडजोड झालेली असते. नागपूरहून आलेल्या माणसाला क्षणभर वाटावं, वादी आणि प्रतिवादी दोघांनीही नोकरी सोडली की काय!

जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हणतात. हे नाव विनोबा भावे यांनी दिलं, असं शहरात अभिमानाने सांगितलं जातं. गोलबाजारातलं दत्तमंदिर हे इथल्या मराठी मंडळींच्या ओळखीचं ठिकाण. गणपतीत आरत्या होतात, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, चैत्रात हळदीकुंकू होतं. सण टिकले, पदार्थ टिकले. प्रश्न आहे तो वाचण्या-लिहिण्याचा, आणि त्याचा निकाल लागतो प्राथमिक शाळेत.

‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’

हिंदी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाचा दिवस मोठा मजेचा असतो. सकाळी प्रार्थना, मग हजेरी. मॅडम म्हणतात, ‘चेष्टा करो बेटा, हो जाएगा.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. घरी तोच शब्द ‘आजोबांची चेष्टा करू नकोस’ असा कानावर पडतो. एके दिवशी शाळेत जाहीर होतं, की उद्या ‘शिक्षा अधिकारी’ येणार आहेत. मराठी मुलाच्या पोटात गोळा येतो. शिक्षा करण्यासाठी सरकारने वेगळा अधिकारी नेमला आहे? घरी आल्यावर कळतं, की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. जीव भांड्यात पडतो.

दुपारच्या जेवणाची सुट्टी हा शाळेतला सगळ्यात मोठा कार्यक्रम. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला आणि देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देणं राज्यांना बंधनकारक झालं. प्राथमिकच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, किमान ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. मध्य प्रदेशात हे जेवण बहुतेक ठिकाणी महिलांचे बचत गट रांधतात. ज्या दिवशी खीर-पुरी असते, त्या दिवशी हजेरीपट ओसंडून वाहतो, हे कुठल्याही मास्तरांना विचारा.

शाळेत पंगतीला ‘दाल-रोटी’ असते. घरी त्याच दोन गोष्टींची ‘डाळ-पोळी’ होते. चव तीच, पण घरच्या दोन्ही शब्दांत ळ आहे. मराठी घरातला दिवसच या अक्षरावर उगवतो आणि मावळतो. सकाळ, संध्याकाळ, वेळ, खेळ, जवळ, काळा, निळा, पिवळा. आणि पोर दमून झोपलं की त्याला आई ‘बाळ’ म्हणते. मराठीत ळने सुरू होणारा शब्द नाही, म्हणून मुळाक्षरांच्या तक्त्यात ळसमोर बहुधा बाळाचंच चित्र असतं.

एक अक्षर गेल्याने असं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं : ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे, ‘वेल’ आणि ‘वेळ’ वेगळे, ‘गाल’ आणि ‘गाळ’ वेगळे, ‘माल’ आणि ‘माळ’ वेगळे. ‘मूल’ आणि ‘मूळ’ यांच्यातही अंतर एवढ्याच एका अक्षराचं आहे. ळ पुसला, तर मराठी वाचणारं मूल पावलोपावली अडखळतं. दोन-चारदा अडखळलं की पुस्तक मिटून ठेवतं. हातात पुन्हा फोन येतो.

छोट्या-छोट्या आणखीही काही गाठी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतलं ऱ्य हे जोडाक्षर हिंदीच्या पुस्तकात भेटत नाही. शाळेत ‘नागपुर’ बरोबर असतं, मावशीच्या पत्रात ‘नागपूर’. शाळेत ‘कवि’ ऱ्हस्व, घरी ‘कवी’ दीर्घ. ‘पुस्तक’ हिंदीत बाई आणि मराठीत धड बाई ना बुवा. म्हणून मुलगी ‘मी पुस्तक वाचली’ म्हणते आणि घर हसतं. हसावं जरूर, पण तिला ओशाळं करू नये. ती दोन भाषांची कसरत एकाच दोरीवर करते आहे, हे मोठ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

दहा मुलांचा नियम

आता या सगळ्यात कायदा काय म्हणतो? बहुतेक घरांत ही गोष्ट माहीतच नसते, म्हणून ती नीट सांगायला हवी.

भाषावार राज्यं होणार म्हटल्यावर त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या लक्षात आलं, की रेघ कुठेही ओढली तरी काही माणसं पलीकडे राहणारच. जबलपूरची मराठी घरं त्यांपैकीच. म्हणून १९५६ मध्येच सातवी घटनादुरुस्ती करून राज्यघटनेत ३५० क हे कलम घालण्यात आलं. त्याचा अर्थ साधा आहे. भाषिक अल्पसंख्याक कुटुंबांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने प्रयत्नशील राहावं. पुढच्याच कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

पण किती मुलं असली म्हणजे सोय करायची? याचं उत्तर घटनादुरुस्तीच्याही आधी तयार होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली होती. तिथे ठरलं, की संपूर्ण शाळेत एखाद्या भाषेची किमान ४० मुलं असतील किंवा एका वर्गात किमान १० असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. पुढची अनेक वर्षं भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयींचा विचार याच मापाने होत राहिला.

एका वर्गात दहा! आकडा किती लहान वाटतो. गणपतीच्या आरतीला मंडपात एका वेळी याहून कितीतरी जास्त मराठी पोरं टाळ्या वाजवत उभी असतात. पण वर्गात ती दहा सापडत नाहीत. कारण ती एका शाळेत नसतात. एक रांझीला, एक राइट टाउनला, दोन गढ्याला, तीन अधारतालला. कुणी सरकारी शाळेत, बहुतेक खासगी इंग्रजी शाळेत. प्रत्येक वर्गात एक किंवा दोन. बेरीज कुठेच दहावर जात नाही आणि नियम कागदावर सुखाने झोपून राहतो.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. त्यांतले पुष्कळजण बऱ्हाणपूर, बैतूल, सौसर, पांढुर्णा अशा महाराष्ट्राला लागून असलेल्या भागांत आणि इंदूरसारख्या शहरांत आहेत. तिथे मराठी वस्ती सलग आहे. जबलपूरची गोष्ट निराळी. इथे मराठी माणूस सलग नाही, विखुरलेला आहे.

हे तराजू दोन्हीकडे सारखंच चालायला हवं, हेही विसरून चालणार नाही. मुंबई महापालिका मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवत आली आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वादळ उठलं आणि २९ जूनला सरकारने आपले आदेश मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी लहान मुलांवर किती भाषांचं ओझं टाकावं, याची खूप चर्चा झाली. जबलपूरच्या मराठी पोरांच्या डोक्यावर मात्र हिंदी आणि इंग्रजी आधीपासूनच आहेत. त्यांच्या वाट्याला न आलेली भाषा त्यांची स्वतःचीच आहे.

रकान्यातला एक शब्द

दहाचा हिशेब सुरू कुठे होतो? शाळेत प्रवेश घेताना भरायच्या फॉर्मवर.

मध्य प्रदेशात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. ‘स्कूल चलें हम’च्या घोषणा होतात, प्रवेशोत्सव साजरा होतो, नव्या मुलांना टिळा लावला जातो. पालक फॉर्म भरायला बसतात. नाव, जन्मतारीख, आधार, समग्र आयडी, पत्ता. या सगळ्या गर्दीत एक छोटा रकाना असतो : मातृभाषा. हीच माहिती पुढे ‘यू-डायस’ या देशपातळीवरच्या शाळांच्या नोंदीतही जाते.

तिथे आलेला पालक घाईत असतो. बाहेर स्कूटर उभी असते, ऑफिसची वेळ होत आलेली असते. पेन रकान्यावर येतं आणि सहज लिहिलं जातं : ‘हिंदी’. कुणी जबरदस्ती केलेली नसते. ‘उगाच वेगळं कशाला दिसा’, ‘शाळेत काही अडचण नको’, ‘तसंही सगळे हिंदीच बोलतात’ असं मनात येतं आणि एक मराठी मूल सरकारी नोंदीतून नाहीसं होतं.

१९४९ च्या त्या ठरावातच म्हटलं होतं, की पालक जी भाषा सांगेल, तीच मुलाची मातृभाषा. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही कर्नाटकातल्या शाळांच्या खटल्यात हेच सांगितलं. मुलाची मातृभाषा कोणती, हे पालक ठरवतील, सरकार नाही. मातृभाषेतूनच शिका, अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे मुलाला हिंदी शाळेत घालावं, इंग्रजी शाळेत घालावं, तो हक्क पालकाचा. पण त्या रकान्यात ‘मराठी’ लिहिण्याचा हक्कही त्याचाच आणि त्याला एक पैसा लागत नाही.

रकान्यात मराठी लिहिलं म्हणून उद्या शाळेत मराठीचे मास्तर येतील का? नाही. पण हिंदी लिहिलं, तर ते कधीच येणार नाहीत, हे नक्की. ज्याची नोंदच नाही, त्याची मागणी कोण ऐकणार?

पालकांची बाजू

पालकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांची बाजूही ऐकायला हवी.

आईबाप दोघंही नोकरी करतात. मुलाला पुढे जायचं आहे ते हिंदी-इंग्रजीच्या जगात. मराठी शिकून जबलपूरमध्ये नोकरी मिळणार नाही. दप्तर आधीच जड आहे. शिवाय मराठी शिकवणारा शिक्षक आणायचा कुठून? घटनेच्या कलमात ‘सोय करा’ असा हुकूम नाही, ‘प्रयत्न करा’ असं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचं माध्यम ‘शक्य तिथवर’ मातृभाषा असावं, असं म्हटलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावं, असं आहे, पण तेही ‘शक्य असेल तिथे’. या ‘शक्य’मध्ये बरंच काही अडकून पडतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच, पेढेही वाटले गेले. पण अभिजात भाषेतला ळ दुसरीतल्या मुलीला कोण शिकवणार, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

हे सगळं खरं. पण मुळात कुणी मुलाला हिंदी शाळेतून काढून मराठी शाळेत घाला, असं म्हणतच नाही. हिंदी हीही या मुलांची भाषाच आहे. मैत्रीची, मैदानाची, गावाची. याच भागातल्या पथरिया गावात १८७१ मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी हिंदी पत्रकारितेचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला आणि लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. मराठी येत नसती, तर ते काम त्यांच्या हातून झालं असतं का? हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध काही काळ जबलपूरला होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नावाजलेले कवी आणि समीक्षक. एकाच आईची दोन मुलं, दोन भाषांत मोठी झाली. घरात दोन भाषा असल्या म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही.

आठवड्यातला एक तास

मग करायचं काय? जबलपूरच्या पालकांकडे एक अशी पुंजी आहे, जी परदेशातल्या मराठी पालकांकडे नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मराठी मंडळं सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरवतात. तिथे आईबाप स्वतःच शिक्षक होतात आणि मुलांना ‘अ’पासून सुरुवात करावी लागते. लिपीच नवी असते. जबलपूरच्या मुलाला मात्र देवनागरी हिंदी शाळेने आधीच फुकट शिकवून ठेवलेली असते. बाराखडी येते, जोडाक्षरं येतात, वाचनाचा वेग येतो. उरतं काय? एक ळ, एक ऱ्य, ऱ्हस्व-दीर्घाचे चार नियम आणि ‘चमचा’तला च ‘चहा’तल्या चपेक्षा वेगळा असतो एवढी समज. आठवड्याला एक तास दिला, तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बरीच मजल मारता येईल.

हा तास शाळेतच भरवायला हवा, असं नाही. मंदिराचं सभागृह चालेल, कुणाच्या घरची गच्ची चालेल. एका वर्गात दहा मुलं नसतील, पण एका गच्चीवर दहा सहज जमतात. शिक्षक म्हणून निवृत्त आजी-आजोबा आहेतच. त्यांना वेळ आहे आणि ऐकणारं कुणीतरी हवंही आहे.

पुस्तकांचीही अडचण उरलेली नाही. महाराष्ट्राच्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘बालभारती’चंच ‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंकही इंटरनेटवर वाचायला मिळतात. आज आजी झालेल्या किती तरी बायकांनी लहानपणी हेच मासिक वाचलं असेल. तोच अंक नातीबरोबर पुन्हा उघडताना कोण कुणाला शिकवतंय, हे कळेनासं होईल. फोनवर मराठी कळफलक सुरू केला, तर ळ बोटाखाली येतो. मावशीला रोज एक ओळ मराठीत पाठवायची, एवढा नेम पुरे.

शाळेतही दार अगदीच बंद नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या बैठकीला जाऊन २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळेत साजरा करू या, शनिवारच्या बालसभेत एखादी मराठी गोष्ट सांगू द्या, असं म्हणायला काही हरकत नाही. मुख्याध्यापक नाही म्हणण्याची शक्यता कमीच. वर्गात गुजराती, पंजाबी, बंगाली, सिंधी मुलंही असतात. त्यांच्या घरच्या भाषाही तिथे ऐकू आल्या, तर बालसभेची रंगत वाढेलच. दहावीला भाषा विषयांत मध्य प्रदेश मंडळाने मराठीला आजवर जागा दिली आहे. तिथपर्यंत पोहोचायचं, तर पाया दुसरी-तिसरीतच घालावा लागतो.

आणि शुद्धलेखनाचा बाऊ करू नये. जबलपूरच्या मराठीत नागपूरचा ठसका आहे, हिंदीचा गोडवा आहे. ‘मी जेवून राहिली आहे’ असं नात म्हणाली, तर आजीने आधी तिला जेवू द्यावं, व्याकरण मागाहून. पुण्याची मराठी शिकवायला निघालो, तर पोर उठून जाईल. घरची मराठी वाचायला शिकवली, तर ती बसेल.

पाटीवरची रेघ

त्या संध्याकाळी आजीने लाल पेन घेतलं नाही. तिने जुनी दगडी पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर एक मोठा ळ काढला. नातीचं बोट धरून तो तीनदा गिरवून घेतला. चौथ्यांदा नातीने स्वतः काढला, थोडा वाकडा. मग वहीतल्या चार शब्दांवर ती एकेक करून गेली. ‘शालेत’ खोडून ‘शाळेत’ झालं, ‘फल्यावर’चं ‘फळ्यावर’, ‘खेल’चं ‘खेळ’. ‘केल खाल्ल’पाशी आल्यावर तिने विचारलं, ‘आजी, खाल्लंमध्ये पण ळ येतो का?’

‘नाही गं. तिथे ल आहे तोच बरोबर,’ आजी म्हणाली, ‘फक्त डोक्यावर एक टिंब दे. आणि केळंवरही दे.’

स्वयंपाकघरातून आईने हे ऐकलं. धाकट्याला पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीत घालायचं आहे. फॉर्म भरायला जाताना रकान्यापाशी पेन जरा थांबेल, असं तिला त्या क्षणी तरी वाटलं असावं.